औंधचं संग्रहालय आणि आपल्या बस्तीतलं कपाट



कुंडलची यात्रा आपल्यातल्या बहुतेकींनी केलेली आहे. गावातले कलिकुंड पार्श्वनाथ, डोंगरावरचे गिरी पार्श्वनाथ आणि झरी पार्श्वनाथ, तिन्हींचं दर्शन घ्यायचं, सावलीला बसून दशम्या-चटणीचा डबा खायचा आणि सूर्यास्ताच्या आत घर गाठायचं. पण हे कुंडल 1948 पर्यंत कोणाच्या राज्यात होतं, हे किती जणींना माहीत आहे? आमच्या मंडळाच्या गाडीत एकवीस जणी होत्या, त्यातल्या दोघींनाच सांगता आलं. कुंडल औंध संस्थानात होतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे एकमेकांपासून तुटलेले तुकडे मिळून बहात्तर गावांचं हे संस्थान. मधे मधे इंग्रजांचा मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थानं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर आपल्या राजाला परक्या हद्दीतूनच जावं लागे!

यंदा आम्ही ठरवलं होतं की कुंडलचं दर्शन सकाळी उरकायचं आणि तसंच पुढे कडेगाव, पुसेसावळी करत औंधला जायचं. तिथलं श्री भवानी संग्रहालय पाहायचं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, "यात्रेला निघालोय की सहलीला?" पाहून झाल्यावर त्याच सर्वांत शेवटी बाहेर आल्या, हे आधीच सांगून टाकते.

आधी ते ज्यांनी उभं केलं त्यांच्याविषयी. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब. जन्म 1868 चा, गादीवर आले 1909 मध्ये. राजा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिकार, हत्ती आणि जडजवाहीर येतं. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा आणि रोज सूर्यनमस्कार घालायचा. नुसता स्वतः घालायचा नाही, तर प्रजेलाही घालायला लावायचा. आमच्या सासूबाईंचं माहेर आटपाडीचं. शाळेत पाटी-पुस्तकाआधी नमस्कार असत, असं त्या सांगायच्या. त्यांच्या बोलण्यात "आमचे राजे" हा शब्द इतक्या सहज यायचा की लग्नानंतर कितीतरी दिवस मला ते त्यांचे कोणी नातलग वाटत.

कुंडलच्या रस्त्याला किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा याच बाळासाहेबांनी 1910 साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर त्यांना जागा दिली, पैशाची मदत केली. तिथे नांगर झाले हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपल्या आई-आज्यांच्या पिढीने ज्याची वाट पाहिली ते 'स्त्री' मासिक 1930 मध्ये याच वाडीतून निघालं, हे मी मुद्दाम सांगते. निवडुंगाच्या माळावर राजाने कारखान्याला जागा दिली आणि वीस वर्षांत तिथून बायकांचं मासिक घरोघर जायला लागलं!

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवली, तेव्हा एक लाख रुपये देण्याचं वचन बाळासाहेबांनी दिलं. हे पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे लाख रुपये आहेत. बहात्तर गावांचा धनी केवढं देऊन बसला, हे ज्यांनी घरखर्चाची वही लिहिली आहे त्यांनाच कळेल. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं रामायण 1916 मध्ये छापलं. वेरूळवर आणि अजिंठ्यावर त्यांनी मार्गदर्शक पुस्तकं लिहिली. वेरूळला कैलास पाहून लोक परत फिरतात, इंद्रसभा आणि जगन्नाथसभा या आपल्या लेण्यांपर्यंत पाय पोचत नाहीत, हे दुःख आपल्याला माहीत आहेच. ज्याने वेरूळवर पुस्तक लिहिलं, तो माणूस तेवढा चालला असणार, असं मला वाटतं.

संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या चढावर आहे. देऊळ वर माथ्यावर, खाली गाव आणि मधे ही इमारत. आत शिरल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आला तो उजेड. वरून मऊ उजेड खाली येतो आणि चित्रांवर पसरतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही. चित्रं काढणाऱ्या माणसानेच अशी जागा बांधून घ्यावी.

पहिल्या दालनात आमच्या बायका थांबल्या त्या राजा रविवर्म्यांच्या चित्रांपाशी. आपल्या घरांतून पूर्वी रविवर्म्यांच्या छापील तसबिरी असायच्या, लोणावळ्याजवळच्या त्यांच्या छापखान्यातल्या. धुराने काळवंडलेल्या, कडेला वाळवीने खाल्लेल्या. ते चित्र मूळ तेलरंगात समोर आलं की काय फरक पडतो ते शब्दांत सांगणं कठीण आहे. लुगड्याची किनार अंगावर बसते कशी, पदराची चुणी पडते कशी, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आमच्यातल्या एक काकू पाच मिनिटं एकाच चित्रातल्या निऱ्या मोजत होत्या. मला वाटतं, चित्र पाहण्याची तीही एक चांगली रीत आहे.

मग धुरंधर आणि बाबूराव पेंटर, दोघंही मूळचे आपल्या कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांचं नाव आपण सिनेमामुळे ऐकतो, 'सावकारी पाश'वाले म्हणून. त्यांची चित्रं इथे पाहायला मिळतात. त्याशिवाय मुघल, राजपूत आणि पहाडी शैलीची लहान लहान चित्रं आहेत. त्यांच्यासाठी मात्र चष्मा लागतो आणि वेळही लागतो. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला तर ती चित्रं दिसत नाहीत. युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृतीही बऱ्याच आहेत. त्यांकडे जाणकार मंडळी दुर्लक्ष करतात, प्रतिकृतीला काय पाहायचं म्हणतात. मला उलट वाटलं. औंधच्या चौदा वर्षांच्या पोराला इटलीला कोण नेणार होतं? ते त्याच्या गावात आणून ठेवलं, यात राजाची शाळामास्तराची दृष्टी दिसते. ग. दि. माडगूळकर याच औंधच्या शाळेत शिकले.

हस्तिदंताच्या कोरीव वस्तूंपाशी मी रेंगाळले नाही. कारागिराच्या बोटांना दाद द्यावी लागते, पण आपल्या मनात तो हत्ती उभा राहिल्याशिवाय राहत नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात पेंढा भरलेली जनावरं पाहताना मला असंच होतं, नातवंडं "आजी, वाघ!" म्हणून ओढतात आणि मी मान वळवते. चंदनाचं काम मात्र मन भरून पाहिलं.

सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते एका दगडी मूर्तीवरून. आई आणि मूल. करणारे हेन्री मूर, इंग्लंडचे. 1898 चा त्यांचा जन्म, म्हणजे संग्रहालय झालं तेव्हा जेमतेम चाळिशीचे. पुढे जगभर त्यांचं नाव झालं. मोठमोठ्या शहरांत लोक तिकिटं काढून ज्यांची शिल्पं पाहायला जातात, त्यांचं एक शिल्प खटाव तालुक्यात आहे! नाकीडोळी नीटस अशी ती मूर्ती नाही. आमच्यातली एक म्हणाली, "हे अर्धवट राहिलंय का?" दुसरी म्हणाली, "अगं, दगडातून नुकतीच बाहेर येतेय ती." मला आपल्या बस्तीतली कूष्मांडिनी आठवली. शेकडो वर्षं तेल-पाण्याने झिजून तिचं नाक-डोळे पुसट झालेत, पण मांडीवरचं मूल तिने धरलंय हे अंधारातही कळतं. धरण्यातच आईपण आहे, ते मूर यांना बरोबर समजलं होतं. कूष्मांडिनी त्यांना कोणी दाखवायला हवी होती.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तिकडे येते. संग्रहालय सुरू झालं 1938 मध्ये. ते साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाळासाहेबांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती देतो. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर यांनी त्यासाठी धडपड केली, मसुद्याला गांधीजींचा सल्ला घेतला आणि 1939 च्या जानेवारीत औंधची राज्यघटना झाली. गावाची पंचायत हा तिचा पाया. आटपाडीजवळ भिंत नसलेला तुरुंग निघाला तोही 1939 मध्येच, स्वतंत्रपूर त्याचं नाव. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच आला.

मी बी.कॉम. झालेली आहे. पहिल्या वर्षाला पहिला धडा असतो की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने गल्ल्यातून स्वतःसाठी काही घेतलं तर ते उचल म्हणून त्याच्या नावे लिहायचं. ही साधी गोष्ट, पण संस्थानं बुडाली ती बहुतेक इथेच. खजिना राजाचा की राज्याचा, हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. विलीनीकरण आलं तेव्हा ठिकठिकाणी वाटण्या, कज्जे, विक्री यात वस्तू कुठल्या कुठे गेल्या. औंध 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवर बाळासाहेबांचा संग्रह दहा वर्षं लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारतीत मांडलेला होता. राज्य गेलं, चित्रं भिंतीवरच राहिली. आज राज्य सरकारचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खातं ते सांभाळतं. बाळासाहेब 1951 मध्ये गेले. सिंहासन आणि संग्रह दोन्ही त्यांनी हातात असतानाच सोडलं, कोणी काढून घ्यायच्या आधी.

आपण परिग्रहपरिमाण म्हणतो, पाच अणुव्रतांतलं शेवटचं. एवढ्या साड्या, एवढं सोनं, एवढी भांडी. व्रत घेताना आपण हिशेब करतो तो आकड्यांचा. पण उरलेलं कुठे जाणार, कोणाच्या हाती पडणार, हे त्या आकड्यात येत नाही. चार दानांत आहारदान, औषधदान, अभयदान आपल्याला सोपं जातं. चौथं शास्त्रदान, ते मात्र आपण छापील पुस्तकं वाटण्यापुरतं करून टाकलंय.

औंधहून परतताना मला सारखी मूडबिद्रीची आठवण येत होती, कारण साल तेच आहे. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातली. तिची ताडपत्रं मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत शतकानुशतकं कुलुपात होती. यात्रेकरूंना दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद 1883 मध्ये संघ घेऊन गेले, ताडपत्रांची अवस्था पाहून अस्वस्थ झाले आणि त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांना कळवलं. पुढे वर्गणी जमवून प्रत करायचं ठरलं. ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय लिहायला बसले. काम वर्षानुवर्षं चाललं. प्रत झाली तरी ती मूडबिद्रीच्या बाहेर न्यायला परवानगी नाही! तेव्हा गजपती उपाध्यायांनी घरी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत केली. ती करायला मदत कोणाची? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. ती प्रत सहारनपूरला गेली, तिथून आणखी प्रती झाल्या आणि 1939 मध्ये अमरावतीहून हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापून काढला. सोळा खंड व्हायला 1958 उजाडलं. नंतर आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ती ताम्रपटांवर कोरली गेली, ते ताम्रपट आपल्या फलटणला आहेत.

लक्ष्मीबाईंनी केलं ते नियमाबाहेरचं होतं. ते बरोबर की चूक यावर गाडीत वाद झाला. अचौर्य कुठे गेलं, असं एकीने विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. पण मला विचाराल तर शास्त्र कोणाच्या मालकीचं असतं, हे आधी ठरवावं लागेल. जे सर्वांसाठी सांगितलं गेलं, त्याला कुलूप लावणाऱ्याने आधी उत्तर द्यावं. आणि लक्ष्मीबाईंनी त्यातून स्वतःसाठी काय घेतलं? डोळ्यांना त्रास, एवढंच.

हे सगळं जुनं झालं. आता घरचं. आमच्या बस्तीच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे आणि दोन पत्र्याच्या ट्रंका. श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, ते कपाट उघडतं. पोथ्या बाहेर निघतात, हळद-कुंकू, अष्टद्रव्य, आरती, नवीन वेष्टन, की परत आत. पोथ्या किती आहेत, कसल्या आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यातली एक चित्रांची पोथी कोणी अभ्यासासाठी म्हणून नेली, ती परत आली की नाही यावर दोन मतं आहेत. दोन मतं असण्याचं कारण एवढंच की लिहून ठेवलेलं नाही. औंधला प्रत्येक वस्तूशी चिठ्ठी पाहिली, तेव्हा हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

यंदाच्या श्रुतपंचमीला मी विश्वस्तांसमोर म्हटलं, मंडळाच्या आम्ही चौघी-पाच जणी नोंद करतो. एक साधी खातेवही, तीन प्रश्न: काय आहे, कशावर लिहिलंय, कोणत्या स्थितीत आहे. मोबाइलवर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो. विरोध झालाच. एका वडीलधाऱ्यांनी म्हटलं, "यादी केली की चोराला यादी मिळते." मी म्हटलं, "अण्णा, यादी नसली की चोरी झालेली आपल्यालाच कळत नाही." ते गप्प राहिले, पण किल्ली द्यायला आठ दिवस लावले. बायकांनी पोथ्यांना हात लावायचा तर सोवळं-ओवळं कसं पाळणार, हाही प्रश्न निघाला. ते आम्ही आमच्या पद्धतीने पाळतो, दर वर्षी वेष्टनं कोण शिवतं?

घरोघरही हेच आहे, मैत्रिणींनो. सासूबाईंच्या सासूबाईंनी हाताने लिहिलेल्या आरत्या, व्रतकथांच्या वह्या, मण्यांची तोरणं, पितळी पूजापात्रं. मुलं पुण्यात, बंगळूरला, अमेरिकेत. त्यांचे फ्लॅट दोन खोल्यांचे. भंगारवाला पितळेचा भाव किलोवर करतो. माझ्या माहितीतल्या एका घरात बदलताना तीन पोती "जुने कागद" गेले, त्यात काय होतं हे आता कोण सांगणार? वस्तू द्यायची असेल तर हातपाय चालताहेत तोवर, ती काय आहे हे सांगता येतंय तोवर द्यावी. नुसती वस्तू देऊ नका, सोबत चिठ्ठी द्या: कोणाची, कुठून आली, कशासाठी वापरत. जवळचं एखादं संग्रहालय घेईल, आपल्या संस्थांची ग्रंथभांडारं घेतील, निदान बस्तीत नोंद करून ठेवता येईल.

औंधला जायचं असेल तर पूर्ण दुपार हाताशी ठेवा. कुंडल सकाळी लवकर केलं तर होतं. पाणी गाळून बरोबर घ्या, आणि मूर यांच्या मूर्तीपाशी घाई करू नका.

आमची नोंद सध्या एकेचाळीस क्रमांकावर आहे. चाळिसावी पोथी कागदावरची, काळ्या शाईची, कडा वाळवीने खाल्लेल्या. शेवटच्या पानावर चार ओळी आहेत. कुठल्याशा व्रताच्या उद्यापनाला एका बाईने ती लिहवून घेऊन बस्तीला दिली, एवढं लागतं. तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं वाळवीने नेली आहेत. उरलंय ते "...वाई". खातेवहीत आम्ही तेवढंच लिहिलंय, आणि पुढे जागा मोकळी सोडली आहे.